सावळ्या माणसांना उन्हाने त्वचेचा कॅन्सर होत नाही, हे खरं आहे का?

तुम्ही लिहिलंय की वडील 64 वर्षांचे, सगळं आयुष्य शेतात गेलं. नाकपुडीशेजारी वर्षभरापासून एक काळसर गाठ आहे. दुखत नाही, मधूनच रक्त येतं आणि खपली धरते. गावात सगळे म्हणतात, "तीळ आहे, सोडून द्या."

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. फोटोशिवाय निदान सांगणार नाही, आणि फोटो पाठवलात तरी सांगणार नाही. पण या वयात नवीन उगवलेला, रक्त येणारा 'तीळ' सोडून देण्यासारखा नसतो. याच आठवड्यात दाखवून घ्या.

आता मूळ प्रश्न. सावळ्या कातडीत मेलॅनिन (कातडीला रंग देणारं द्रव्य) जास्त असतं, ते अतिनील किरणं बरीच अडवतं. त्यामुळे गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याकडे हा कॅन्सर खूप कमी. कमी, म्हणजे अजिबात नाही असं नव्हे. नाक, पापण्या, कानाची पाळी, खालचा ओठ या जागांवर चाळीस-चाळीस वर्षं ऊन पडत राहिलं की पेशींचं नुकसान साठत जातं. चेहऱ्यावर होणारा नेहमीचा प्रकार म्हणजे बेसल सेल कार्सिनोमा. पुस्तकातल्या गोऱ्या चेहऱ्यावर तो मोत्यासारखा गुलाबी दिसतो, आपल्या लोकांत बहुधा काळा. म्हणून तो तीळ किंवा मस समजून वर्षानुवर्षं अंगावर काढला जातो. शरीरात इतरत्र तो क्वचितच पसरतो, पण जागेवर कुरतडत जातो. लहान असताना जागा बधिर करून काढला की बहुतेकदा काम संपतं. उशीर झाला तर नाकाचा तुकडा जातो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. सावळ्या माणसाने फक्त उन्हाची जागा बघून चालत नाही. मेलानोमा हा सगळ्यात घातक प्रकार आपल्याकडे बहुतेकदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो, आणि त्याचा उन्हाशी संबंध नसतो. गायक बॉब मार्लीला 1977 मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच आढळला. आधी ती फुटबॉल खेळताना झालेली इजा वाटली होती. 1981 मध्ये, 36व्या वर्षी तो गेला. तेव्हा आंघोळीनंतर तळवेही बघत चला. नखात नवी काळी रेघ, रुंद होत जाणारा डाग, वेडीवाकडी कड, एकाच डागात दोन-तीन रंग दिसले तर थांबू नका.

भाजल्याच्या जुन्या वणावर वर्षानुवर्षं न भरणारी जखम असेल तर तीही दाखवायची. कमरेला नाडी किंवा धोतर घट्ट आवळून काळं पडलेल्या जागेवर कॅन्सर होतो, हे मुंबईच्या टाटा हॉस्पिटलातल्या डॉ. खानोलकरांनी 1945 मध्येच लिहून ठेवलंय. तरी आजही बायका कमरेची जखम दाखवायला लाजतात आणि वर्षं काढतात.

सनस्क्रीनबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. शेतकऱ्याने रोज दर दोन तासांनी महागडी ट्यूब फासावी, असं मी सांगत नाही, कारण ते कुणी करत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचा अतिनील निर्देशांक (या किरणांची तीव्रता सांगणारा आकडा) 10च्या वर जातो, आणि काळजी घ्यायला 3पासूनच सांगतात. अकरा ते तीन कामं टाळता आली तर उत्तम. नाहीतर रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा. गांधी टोपीने टाळू झाकतो, नाक-कान उघडेच राहतात, तेव्हा वरून उपरणं घ्यावं. घरात कुणी जन्मतः पांढऱ्या कातडीचं असेल (आल्बिनिझम), किंवा किडनी बदलल्यावरची औषधं घेत असेल, तर मात्र सनस्क्रीन हवंच.

वडिलांना घेऊन जाल तेव्हा डॉक्टर बायोप्सी सांगतील. घरचे म्हणतील, सुई लावली की पसरतो. त्या भीतीने तपासणी टाळू नका, तुकडा काढून तपासल्याने हा कॅन्सर पसरत नाही. तोवर त्या जागेवर बिब्बा, चुना किंवा मस जाळायचं मेडिकलमधलं औषध लावू नका. वरचं जळून जातं, खालचं वाढत राहतं आणि तपासणीत घोळ होतो. शक्य असेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात जा. ऑपरेशन लागलंच तर जन आरोग्य योजनेत बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. आधार आणि रेशनकार्ड सोबत ठेवा.