करार झाला, काम का होत नाही?

तुमच्या विद्यापीठातल्या विभागाचा सरकारी प्रयोगशाळेशी सामंजस्य करार होऊन वर्ष झालं, पण एकही प्रकल्प उभा राहिला नाही, असं तुम्ही लिहिलंय. नवल नाही. सह्या दोन प्रमुखांनी केल्या. ज्यांनी काम करायचं त्यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नसेल.

मी असतो तर आधी विद्यार्थी शोधला असता. पीएचडीचा एकच विद्यार्थी, एक मार्गदर्शक तुमच्याकडचा, एक तिकडचा. प्रयोगशाळेकडे यंत्रं असतात, ती चालवणारी मुरलेली माणसं असतात. पण चार वर्षं एकाच प्रश्नाला चिकटून बसेल असं कोणी सहसा नसतं. विभागाचं नेमकं उलटं. फक्त प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञाला सहमार्गदर्शक म्हणून विद्यापीठाची मान्यता नोंदणीच्या वेळीच घ्या. मी ते विसरलो होतो, आणि माझ्या विद्यार्थ्याचा प्रबंध सहा महिने अडकला.

नुसतं यंत्र हवं असेल तर एवढा घाट घालायची गरजच नाही. अमेरिकेतल्या आरगॉन किंवा ब्रुकहेवनसारख्या प्रयोगशाळा सिंक्रोट्रॉनवरच्या (प्रखर क्ष-किरण देणाऱ्या अवाढव्य यंत्रावरच्या) बीमटाइमसाठी, म्हणजे ते यंत्र वापरायच्या वेळेसाठी, बाहेरच्यांकडून प्रस्ताव मागवतात. छाननीत निवड झाली आणि निष्कर्ष प्रसिद्ध करणार असाल, तर बीमटाइमचे पैसे लागत नाहीत. निष्कर्ष स्वतःपुरते ठेवायचे असतील तर मात्र पूर्ण खर्च भरा. ब्रुकहेवन 1947 साली उभी राहिली तीच नऊ विद्यापीठांनी एकत्र येऊन, कारण संशोधनासाठीची अणुभट्टी एकट्या कुणाला झेपणारी नव्हती. तिथे आधी अडचण होती, कागद मागून आले. तुमच्याकडे फक्त कागद आहेत.

भांडणं बहुतेक वेळा लेखावरून होतात. सरकारी शास्त्रज्ञाला लेख पाठवण्याआधी बहुधा वरची मंजुरी लागते, आणि ती फाइल कुणाच्या टेबलावर झोपेल सांगता येत नाही. म्हणून मुदत लेखी घ्या: तीस दिवसांत हरकत आली नाही तर लेख मंजूर समजायचा. प्रबंध कुणालाही रोखता येणार नाही, हे वेगळं कलम. पेटंटचा विचार असेल तर अर्ज आधी, लेख नंतर. युरोपात लेख आधी छापला गेला की पेटंट हातचं गेलंच म्हणायचं.

सुरुवात हवी असेल तर तिथल्या एखाद्या तरुण शास्त्रज्ञाला व्याख्यानाला बोलवा आणि नंतरचा तासभर त्याला तुमच्या विद्यार्थ्यांबरोबर मोकळा सोडा. त्या खोलीत प्रमुखांनी जाऊ नये. तुम्हीही.