आईबाप भारतीय, मुलगा मात्र नाही

न्यू जर्सीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. नवरा-बायको दोघंही भारतीय पासपोर्टवर. मुलगा साडेचार वर्षांचा, जन्म तिकडचा, पासपोर्ट अमेरिकेचा. जूनमध्ये कायमचं कोल्हापूरला यायचं ठरलंय. ते विचारतात, "आम्ही दोघं भारतीय, म्हणजे तोही भारतीयच ना? एक एजंट भारतातला जन्मदाखला काढून देतो म्हणतो, त्यावर पासपोर्ट मिळेल का?"

नाही. तुमचा मुलगा आज भारताचा नागरिक नाही.

असं विचारणारी पत्रं वरचेवर येतात आणि सगळ्यांची गाठ एकाच ठिकाणी बसलेली असते, नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ४ मध्ये. ३ डिसेंबर २००४ पासून परदेशात जन्मलेलं मूल केवळ आईबाप भारतीय आहेत म्हणून भारतीय ठरत नाही. जन्मापासून वर्षाच्या आत भारतीय कॉन्सुलेटमध्ये नोंद करावी लागते आणि त्या वेळी आईबापांना लिहून द्यावं लागतं की मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. वर्षाची मुदत चुकली तर केंद्र सरकारच्या परवानगीने उशिरा नोंद होऊ शकते. तुमचं घोडं अडलंय ते पासपोर्टपाशी. बाळ दोन महिन्यांचं असताना आजीला दाखवायला आणायचं म्हणून तो घाईने काढला, असं तुम्हीच लिहिलंय. तो हातात असताना हे लिहून देणं म्हणजे खोटं बोलणं. तो रद्द करून नोंद मागा, असं कुणी सुचवेल. ते जमेलच असं मी म्हणणार नाही, आणि जूनचा बेत त्यावर बांधू नका.

घरकर्जाचे कागद तुम्ही ओळ न् ओळ वाचले असतील. मुलाच्या नागरिकत्वाचा नियम बघायला साडेचार वर्षं लागावीत, याचा मला खरोखर राग येतो.

आता एजंटाचं. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम २० नुसार, परदेशात झालेल्या जन्माची नोंद तिथल्या कॉन्सुलेटकडे झालेली नसेल आणि आईबाप स्थायिक व्हायला परतले असतील, तर मूल भारतात आल्यापासून ६० दिवसांत ती इथे करता येते. पण ती नोंद जन्माची, नागरिकत्वाची नव्हे. ती पुढे करून, अमेरिकी नागरिकत्व लपवून भारतीय पासपोर्ट काढलात तर पासपोर्ट कायद्यात किमान एक वर्ष, जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे. एजंट फी घेऊन मोकळा होईल. अर्जावर सही तुमची असेल.

भारतीय नागरिकांची अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची मुलं नागरिकत्व कायद्याच्या कलम ५(१)(d) खाली नोंदवता येतात, हे खरं. पण त्यासाठी आधीचं नागरिकत्व सोडण्याचा प्रश्न येतो, आणि अमेरिकेच्या नियमाप्रमाणे आईबाप मुलाच्या वतीने ते सोडू शकत नाहीत. त्यामुळे ती वाट लहान मुलासाठी मला तरी बिकट दिसते.

तेव्हा ओसीआय कार्ड (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे भारताशी नातं असलेल्या परदेशी नागरिकांसाठीचं कार्ड) काढा, आणि ते तिथे असतानाच. भारतात आल्यावर बघू, हे तुमचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. कार्ड असलं की राहायला व्हिसा लागत नाही, एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे, नोंदणी लागत नाही. शिवाय ओसीआय म्हणून पाच वर्षं झालेली आणि अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य असलेली सज्ञान व्यक्ती कलम ५(१)(g) खाली नागरिकत्व मागू शकते. आज कार्ड निघालं तर अठराव्या वर्षी निर्णय त्याचा त्याला घेता येईल.

शाळेच्या प्रवेशाचं त्या त्या शाळेला विचारा, सगळीकडे सारखं नसतं. पुढच्या शिक्षणाचं मात्र आत्ताच लक्षात घ्या. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार नीट, जेईईसारख्या प्रवेशांसाठी ओसीआय विद्यार्थी अनिवासी भारतीयांच्या बरोबरीने धरले जातात, केवळ भारतीयांसाठी राखलेल्या जागा त्यांना मिळत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिलासा दिला तो त्या तारखेआधी ओसीआय झालेल्यांना. तुमचा मुलगा त्यात बसत नाही.

या आठवड्यात कागद टेबलावर पसरा. तुम्ही लिहिलंय की मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं लग्नानंतरचं नाव आहे आणि तिच्या पासपोर्टवर अजून माहेरचं. अर्ज अडेल तो इथेच. लग्नाचा दाखला जोडा, तो नसेल तर आधी तो मिळवा. जन्म ज्या राज्यात झाला तिथून जन्मदाखल्यावर अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं सरकारी प्रमाणन) करून घ्या, कोल्हापुरात बसून ते काम महिनोन् महिने रेंगाळतं. आणि कार्ड हातात पडेपर्यंत मुलाचं तिकीट काढू नका.