रोइंगमधल्या ‘स्कल’चा कवटीशी काही संबंध आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे: ऑलिंपिकच्या निकालात ‘सिंगल स्कल्स’, ‘डबल स्कल्स’ ही नावे दिसतात, मग हा स्कल म्हणजे कवटीच का, आणि तसे असेल तर होडीत कवटी आली कुठून?

संबंध नाही. इंग्रजीत दोन्हींचे स्पेलिंगही निराळे आहे: वल्ह्याचा स्कल ‘सी’ने लिहितात, कवटीचा ‘के’ने. उच्चार मात्र तंतोतंत एकच. त्यामुळे देवनागरीत लिहिले की दोघे एकाच वेशात समोर येतात आणि गोंधळ व्हायचा तो होतोच.

मी काही काळ रोइंग केले आहे, म्हणून आधी पाण्यातल्या स्कलविषयी सांगतो. शर्यतीत वल्हवण्याच्या दोन पद्धती असतात. ‘स्वीप’मध्ये एका माणसाकडे एकच लांब वल्हे असते आणि ते तो दोन्ही हातांनी ओढतो. त्यामुळे त्या होडीत माणसे जोडीनेच लागतात, एक डाव्या बाजूला आणि एक उजव्या. ‘स्कलिंग’मध्ये प्रत्येकाच्या एकेका हातात एकेक वल्हे. या आखूड वल्ह्याला स्कल म्हणतात, ते वल्हवण्यालाही स्कल म्हणतात, आणि त्या होडीलाही. स्कल साधारण २.९ मीटर लांब असतो. स्वीपचे वल्हे पावणेचार मीटरच्या आसपास जाते. एकट्याची होडी आठ मीटरच्या थोडी वर लांब असते, पण स्पर्धेच्या नियमात तिचे किमान वजन फक्त १४ किलो आहे. दोन्ही वल्ही पाण्यावर टेकलेली नसतील तर ती सरळ कलंडते.

या दोन वल्ह्यांच्या मुठी ओढताना मध्यावर एकमेकींवरून जातात. बहुतेक ठिकाणी डावा हात किंचित वर आणि उजवा खाली ठेवायला शिकवतात. नवशिका स्कलर ओळखायचा तर त्याच्या उजव्या हाताच्या बोटांची पेरे बघावीत. डाव्या हाताच्या नखांनी ती सोललेली असतात.

निकालपत्रात आकड्यापुढे फुलीची खूण दिसली की ती शर्यत स्कलची समजावी: एकट्याची, दोघांची किंवा चौघांची. उणे किंवा अधिकची खूण असेल तर स्वीप. उणे म्हणजे सुकाणू धरून हुकूम देणारा कॉक्स नाही, अधिक म्हणजे आहे. पॅरिसला २०२४ मध्ये रोइंगच्या १४ शर्यती झाल्या, त्यांतल्या ८ स्कलच्या होत्या.

हा शब्द खेळात आला तो मात्र पोटापाण्याच्या धंद्यातून. थेम्स नदीवर पूल मोजके होते तेव्हा लंडनची माणसे होडीनेच ये-जा करत. घाटावर नावाडी ‘ओअर्स!’ आणि ‘स्कल्स!’ असे ओरडत गिऱ्हाईक बोलावत. ‘ओअर्स’ म्हणजे दोन नावाड्यांची वेगवान होडी. ‘स्कल्स’ म्हणजे एकच नावाडी दोन आखूड वल्ह्यांनी हाकतो ती, साहजिकच स्वस्त. लंडनकर सॅम्युअल पेपिसच्या सतराव्या शतकातल्या रोजनिशीत आपण ‘स्कलर’ने गेलो अशा नोंदी आहेत. या धंद्यातल्या नव्या नावाड्यांसाठी १७१५ मध्ये सुरू झालेली डॉगेट्स कोट अँड बॅज ही शर्यत अजूनही लंडन ब्रिज ते चेल्सी अशी होते, आणि ती एकेकट्याने दोन स्कल घेऊन मारायची असते. जिंकणाऱ्याला लाल कोट आणि दंडावर लावायचा चांदीचा बिल्ला मिळतो. मला विचाराल तर रोइंगमधली सगळ्यात देखणी ट्रॉफी हीच.

पण स्कल करायला दोन वल्ही लागतातच असे नाही. होडीच्या मागच्या टोकाला खाचेत एकच वल्हे अडकवून, ते पाण्याबाहेर न काढता डावी-उजवीकडे हलवत होडी पुढे नेणे, यालाही स्कल करणेच म्हणतात. पात्याचा मार्ग आडव्या आठासारखा असतो (इंग्रजी आठ, आपल्या आठाने काम होणार नाही). प्रत्येक फेरीत पात्याचा कल बदलायचा, म्हणजे ते कुठल्याही दिशेला गेले तरी पाणी मागेच ढकलले जाते. चीनमधला युलो हे याच पद्धतीचे वल्हे. त्याची मूठ दोरीने होडीच्या तळाशी बांधलेली असते, आणि ती दोरी ओढली-सोडली की पात्याचा कल आपोआप पालटतो. अरुंद खाडीत किंवा बंदराच्या गर्दीत बाजूला वल्ही पसरायला जागा नसते. तिथे ही पद्धत फार सोयीची.

पोहणारे लोक ‘स्कलिंग’ म्हणतात ते नेमके हेच, फक्त वल्ह्याच्या जागी तळहात. हात बाहेर नेताना अंगठ्याची बाजू थोडी खाली, आत आणताना अंगठ्याची बाजू वर. तळहात तिरपा असल्यामुळे दोन्ही वेळा जोर एकाच दिशेला मिळतो. पाण्यात न बुडता जागच्या जागी उभे राहताना आपण नकळत हेच करतो. कलात्मक जलतरणात, ज्याला २०१७ पर्यंत समक्रमित जलतरण म्हणत, खेळाडू उलटे होऊन पाय हवेत सरळ धरतात तेव्हा पाण्याखाली त्यांचे हात अखंड चालू असतात. कोपरे अंगाजवळ, तळहात तळाकडे, आणि फक्त कोपरापुढचा हात आत-बाहेर. प्रेक्षकाला दिसतात पाय, पण सगळी मेहनत हातांची.

आता ‘के’वाला. माणसाच्या कवटीत, कानातली चिमुकली हाडे सोडून, साधारण २२ हाडे मोजतात: मेंदूभोवती ८ आणि चेहऱ्याची १४. त्यांतले हलते हाड एकच, खालचा जबडा. बाकीची हाडे शिवणीसारख्या दातेरी सांध्यांनी एकमेकांत गुंतलेली असतात. जन्माच्या वेळी या शिवणी मोकळ्या असतात, म्हणून बाळाचे डोके जन्ममार्गातून येताना थोडे दबू शकते आणि नंतर मेंदूला वाढायला जागा राहते. डोक्यावरची मऊ टाळू म्हणजे अशाच हाडांमधली फट. ती बहुतेक मुलांत दीड वर्षाच्या सुमारास भरून येते.

दोन्ही स्कल मुळात एकच असावेत हा संशय तुमच्या आधी बऱ्याच जणांना आला आहे, कारण मध्ययुगीन इंग्रजीत दोन्ही शब्द एकसारखेही लिहिलेले सापडतात. पण कवटीचा शब्द बहुधा स्कँडिनेव्हियातून आला असे मानतात, आणि वल्ह्याच्या शब्दापुढे कोशकार ‘उगम अज्ञात’ एवढेच लिहितात. वल्ह्याचे पाते वाटीसारखे खोलगट, कवटीही तशीच, म्हणून नाव एक, हा तर्क ऐकायला बरा वाटतो. पुरावा म्हणून मी तो धरणार नाही.

असाच एक फसवा तर्क प्याल्याबाबत आहे. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कमध्ये पेला उंचावताना ‘स्कोल’ म्हणतात, आणि व्हायकिंग लोक शत्रूच्या कवटीतून मद्य प्यायचे म्हणून हा शब्द आला असे हौसेने सांगितले जाते. ‘स्कोल’चा अर्थ साधा वाडगा. कवटीच्या कहाणीला बळ मिळाले ते १६३६ मध्ये ओले वोर्म या डॅनिश विद्वानाने प्रसिद्ध केलेल्या लॅटिन भाषांतरातून. जुन्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतल्या, काव्यात ‘डोक्यांच्या वाकड्या फांद्यांतून’ पिण्याचा उल्लेख होता. म्हणजे जनावरांच्या शिंगांतून. भाषांतरात त्याच्या मारलेल्या शत्रूंच्या कवट्या झाल्या.

ऑस्ट्रेलियात हाच ‘स्कोल’ घसरत ‘स्कल’ झाला आणि त्याचा अर्थ झाला पेला एका दमात रिकामा करणे. लिहितातही कित्येकदा वल्ह्याच्याच स्पेलिंगने. पुढे १९८३ ते १९९१ पंतप्रधान राहिलेले बॉब हॉक ऑक्सफर्डला शिकत असताना सुमारे दीड लिटर बिअर ११ सेकंदांत प्यायले आणि विक्रमवीर ठरले. या विक्रमाने राजकारणात आपला फायदाच केला असे ते स्वतः सांगत.

राहिलेले पटकन. जुन्या इंग्रजीत माशांच्या थव्यालाही स्कल म्हणत; मिल्टनच्या कवितेत तो येतो. स्कॉटलंडच्या कोळ्यांची उथळ टोपली हाही एक स्कल. भांडी घासायची खोली म्हणजे ‘स्कलरी’, ती ताटलीच्या फ्रेंच शब्दावरून. आणि लबाडीला म्हणतात ते ‘स्कलडगरी’ स्कॉटिश बोलीतून आले असावे. त्यात ना वल्हे आहे ना हाड.