कढीपत्त्यावरच्या अळ्या आणि उसनं लुगडं

प्रश्न : आमच्या कुंडीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याची शिट पडल्यासारखे ठिपके दिसले. पुसायला गेले, तर एक ठिपका चालायलाच लागला! पुढे त्यांच्या बोटाएवढ्या हिरव्या अळ्या झाल्या. हात लावला की डोक्यामागून लाल शिंगं काढतात. चवथ तोंडावर आली, फोडणीला पानं उरायची नाहीत, औषध मार, असं सासूबाई म्हणतात. झाडाभोवती दोन तऱ्हेची फुलपाखरं घिरट्या घालतात. एक काळं, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेलं. दुसरं काळंच, पण पांढरा डाग आणि लाल चंद्रकोरी असलेलं. अळ्या यातल्या कोणाच्या? — एक वाचक, डिचोली

उत्तर : दोघांच्या. पहिला नवरा, दुसरी बायको.

याचं नाव कॉमन मॉरमॉन. मागच्या पंखांना शेपट्या असणाऱ्या घराण्यातलं, पंख पसरले की नऊ-दहा सेंटिमीटर भरणारं. ठिपक्यांच्या ओळीचा तो नर. (काही माद्याही हुबेहूब त्याच्यासारख्या असतात, त्यामुळे पैज लावू नका.) लाल चंद्रकोरीची ती मादी, आणि तिने लुगडं उसनं नेसलंय. कॉमन रोज नावाचं दुसरं एक फुलपाखरू आहे. त्याच्या अळ्या सापसंदाच्या वेलीवर वाढतात, त्या वेलीतलं विष अंगात साठवतात, आणि म्हणून एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. आपली मॉरमॉनीण कढीपत्ता खाऊन वाढलेली, विषबिष काही नाही. नुसत्या वेशावर निभावते. तिसऱ्या प्रकारच्या माद्या क्रिमझन रोज नावाच्या आणखी एका फुलपाखराचा वेश घेतात. चोरी पकडायची असेल तर पंख सोडा, अंग बघा. दोन्ही 'रोज' फुलपाखरांचं अंग लालभडक असतं, मॉरमॉनचं काळं. लुगडं मिळालं, पोलकं जुळलं नाही!

तुमची फसगत झाली म्हणून ओशाळू नका. प्राण्यांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या खुद्द लिनियसने १७५८ साली नराला पॅमॉन आणि मादीला पॉलिटेस अशी दोन वेगळी नावं देऊन दोन जाती मानल्या होत्या. ही सगळी रूपं एकाच जातीची आहेत, हे निसर्गअभ्यासक वॉलेसने १८६५ मध्ये मांडलं. आणि हा वेशपालट 'डबलसेक्स' नावाच्या एकाच जनुकाच्या हाती आहे, हे २०१४ साली दाखवणाऱ्या चमूत आपले फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे होते.

आता तुमची कुंडी. मादी पानावर उतरली की पुढच्या पायांनी टकटक करते, ती बघा. पायांनीच ती पानाची चव घेते. झाड बरोबर असलं की कोवळ्या पानावर एक पिवळसर, मोहरीहून लहान अंडं, मग दुसऱ्या पानावर दुसरं. तीनेक दिवसांत अळी बाहेर येते. पहिल्या चार अवस्थांत ती शिटीचं सोंग घेते. शिट कोण खाणार? पाचव्यात मावत नाही, म्हणून हिरवी होते. पुढच्या फुगीर भागावर डोळ्यांसारखे डाग येतात, पण खरं डोकं त्याखाली दडलेलं असतं. लाल शिंग म्हणजे दुफाट्याची मऊ ग्रंथी. तिला उग्र आंबूस वास येतो. मुंग्या आणि कोळी त्याने बिचकतात. तुम्हाला काही होत नाही, साबणाने हात धुवा. अळीपण दोन-तीन आठवड्यांचं, आणि खरी नासाडी शेवटच्या चार-पाच दिवसांत.

सासूबाईंना सांगा, औषध मारलेली पानं चवथीच्या फोडणीलाही चालायची नाहीत. चार अळ्या ठेवा, बाकीच्या पानासकट उचलून लिंबोणीवर नाहीतर बेलावर सोडा. झाड मोठं असेल तर तेवढंही नको. माझा कढीपत्ता दर पावसात बोडका होतो आणि पुन्हा फुटतो.

प्रश्न : मुलाने कोष बरणीत ठेवला होता. फुलपाखराऐवजी कोषाला भोक पडून बारीक माश्या निघाल्या. आमचं काय चुकलं? — एक पालक, फोंडा

उत्तर : काहीच नाही. त्या माश्या नव्हेत, गांधीलमाशीच्या कुळातले चिमुकले कीटक. कोष ताजा, मऊ असताना त्यांची मादी त्यात अंडी घालते आणि तिची पिल्लं आतून कोष खातात. तुम्ही आणलात तेव्हाच तो गेलेला होता.

चूक माझी ऐका. पहिल्यांदा मी कोष पेढ्याच्या खोक्यात आडवा ठेवला. वास्तविक अळीने कंबरेला रेशमाचा दोरा बांधून, डोकं वर करून स्वतःला टेकवलेलं असतं, माडावर चढणारा माणूस मागे रेलावा तसं. ती बैठक मी मोडली. दहा-बारा दिवसांनी पहाटे मादी बाहेर आली, धरून वर चढायला काही नाही, खोक्याच्या तळाशी भिरभिरली. पंख खाली लोंबू दिले तरच त्यांत द्रव भरून ते ताठ होतात. तिचे चुरगळूनच सुकले. साखरपाण्यावर पाच दिवस काढले तिने. तेव्हापासून मी कोषाची काटकी तोडते आणि आहे तशी उभी करते. हिरव्या पानांत कोष हिरवा मिळतो, चिऱ्याच्या गडग्यावर तपकिरी. रंग बदलला म्हणून घाबरून फेकू नका.

प्रश्न : महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू गोव्यात दिसतं का? — एक विद्यार्थी, वाळपई

उत्तर : दिसतं, आणि तुझ्या गावाजवळ तर फार सोपं आहे. ब्लू मॉरमॉन, २०१५ साली तिकडे घोषित झालं. घराणं हेच, पण याला शेपूट नाही. काळ्यावर निळसर पट्टे, पंजाएवढं मोठं, अळ्या लिंबा-पपनसावर. पाऊस ओसरला की सत्तरी तालुक्यात ओहोळाच्या काठी ओल्या मातीवर बघ. नर तिथे मातीतले क्षार शोषत बसलेले असतात, आणि त्या वेळी इतके गुंग असतात की हातभर अंतरावर उकिडवं बसता येतं. सावली मात्र त्यांच्यावर पडू देऊ नकोस.