आरोग्य केंद्रात रोज दहा तास वीज नाही. लसींसाठी फ्रिज घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा: सातपुड्यातल्या तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रोज आठ-दहा तास वीज नसते, ग्रामपंचायत पेसाच्या (आदिवासी भागातल्या ग्रामपंचायतींसाठीच्या) निधीतून मोठा फ्रिज आणि इन्व्हर्टर द्यायला तयार आहे, आणि गावात कुजबुज सुरू झालीय की 'डोस खराब असतात'. आधी फ्रिजचं सांगतो: घेऊ नका. पैसे वाया जातीलच, वर लसींना नवा धोका होईल.

घरगुती फ्रिजचं दार समोर उघडतं. उघडलं की थंड हवा जड असल्याने खाली सांडून जाते. वीज गेल्यावर असा फ्रिज फार तर चार तास तग धरतो. शिवाय बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवलेली कुपी गोठते, ते वेगळंच. केंद्रात जी वर झाकण असलेली पेटी आहे, ती आयएलआर, म्हणजे बर्फाचं अस्तर असलेला लसींचा फ्रिज. तिच्या भिंतींच्या आत पाण्याच्या नळ्या किंवा आईस पॅक असतात. वीज असताना त्यांचा बर्फ होतो आणि वीज गेल्यावर तोच बर्फ आतलं तापमान 2 ते 8 अंशांत धरून ठेवतो. 24 तासांत सलग 8 तास वीज मिळाली तरी ही पेटी काम निभावते. म्हणजे दहा तास वीज जाणं हा आयएलआरसाठी प्रलय नाही.

यातला 'सलग' हा शब्द महत्त्वाचा. अर्धा तास आली, गेली, पुन्हा पाऊण तास आली, असं चौदा तास भरले तरी भिंतीतला बर्फ पूर्ण धरत नाही. तेव्हा केंद्रात वीज किती तास असते यापेक्षा सलग किती तास असते ते पाहा. वीज नसताना झाकण उघडायचं नाही. 'जरा बघतो' म्हणून चार वेळा उघडलं की पेटीची निम्मी ताकद गेली. थर्मामीटरचा आकडा 8 कडे सरकू लागला, तर कुपी कोल्ड बॉक्समध्ये (आईस पॅक लावलेल्या जाड भिंतींच्या खोक्यात) हलवायच्या किंवा जवळच्या दुसऱ्या शीतसाखळी केंद्रात, म्हणजे लसी थंड ठेवायची सोय असलेल्या केंद्रात, न्यायच्या. ही जागा आणि गाडी आधीच ठरलेली हवी, रात्री अकराला फोनाफोनी करून ती मिळत नाही.

आता एक गोष्ट बघा, जी बऱ्याच ठिकाणी सुटते. केंद्रात दिवे लागलेत, पंखा रखडत फिरतोय, आणि आयएलआर मात्र बंद. त्याचं कारण व्होल्टेज. आयएलआरला जोडलेला साधा स्टॅबिलायझर 150 ते 280 व्होल्टमध्ये चालतो; रब्बीत सगळ्यांचे पंप एकदम सुरू झाले आणि दाब 150 च्या खाली गेला की तो पुरवठा तोडतो. तोडतो ते बरोबरच, नाहीतर कंप्रेसर जळेल. पण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं वीज आहे. त्यामुळे केंद्र शेतीच्या फीडरवर (पंपांच्या वीजवाहिनीवर) आहे की गावठाण फीडरवर (घरांच्या वाहिनीवर), हे महावितरणच्या लाईनमनकडून कळून घ्या. शेती फीडरवर असेल तर गावठाणावर घेण्यासाठी ग्रामसभेचा ठराव आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांचं पत्र एकत्र द्या. तेवढ्याने भागलं नाही तर 110 किंवा 90 व्होल्टपासून चालणारे स्टॅबिलायझर असतात, त्यांची मागणी जिल्ह्याच्या शीतसाखळी तंत्रज्ञामार्फत जायला हवी. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र स्टॅबिलायझर आणि नीट अर्थिंग लागतं. त्याच बोर्डावर पाण्याची मोटर किंवा मोबाईलचे चार्जर नकोत. इन्व्हर्टर दिवे आणि संगणकासाठी जरूर द्या, पण त्यावर आयएलआर चालवायचा हट्ट नको. कंप्रेसर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढतो.

मात्र तुमच्या भागात मला उन्हापेक्षा थंडीची काळजी जास्त वाटते. लस उन्हाने खराब होते हे सगळ्यांना माहीत असतं. गोठून खराब होते हे फार कमी जणांना ठाऊक असतं, आणि गोठलेली लस पुन्हा वितळली की वरकरणी चांगलीच दिसते. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), टीडी (धनुर्वात, घटसर्प), कावीळ-बी, पीसीव्ही (न्यूमोनियावरची) या लसींत ॲल्युमिनियमचा क्षार असतो. गोठल्यावर त्याच्या गुठळ्या होतात आणि लसीचा जोर जातो. कावीळ-बी तर शून्याखाली अर्ध्या अंशालाच गोठू लागते. पोलिओचं इंजेक्शनही गोठलं की टाकून द्यायचं. तोंडावाटेच्या पोलिओचं उलट आहे: त्याला गोठण्याचं भय नाही, ऊन मात्र अजिबात सोसत नाही.

गोठण्याची ठिकाणं ठरलेली आहेत. मे महिन्यात कुणीतरी आयएलआरचा थर्मोस्टॅट जास्त गारव्याकडे फिरवतो आणि डिसेंबरात तो तसाच राहतो. कुपी टोपलीत न ठेवता तळाशी किंवा भिंतीला टेकवून ठेवल्या जातात. या पेटीत तळ सगळ्यात थंड असतो. शेजारच्या डीप फ्रीजरमध्ये 'जास्त गार राहील' म्हणून लस ठेवली जाते. प्राथमिक आरोग्य केंद्रात तो फक्त आईस पॅक तयार करायला असतो. आणि सगळ्यात जास्त घोळ होतो व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये, म्हणजे सत्राच्या गावी लस न्यायच्या छोट्या पेटीत.

कॅरिअरमध्ये चार आईस पॅक बसतात. डीप फ्रीजरमधून काढलेला पॅक शून्याच्या कितीतरी खाली असतो. तो तसाच लावला तर पहिल्या एक-दोन तासांतच कुपी गोठतात. म्हणून पॅक आधी बाहेर मांडून ठेवायचे, अंगावर घाम फुटेपर्यंत, आणि कानाशी हलवल्यावर आत पाण्याचा खळखळ आवाज येईपर्यंत. उन्हाळ्यात अर्ध्या तासात होतं, तोरणमाळच्या थंडीत तासाहून जास्त लागतो. सकाळी सातला गाडी निघायची असेल तर पॅक सहाच्या आधी बाहेर यायला हवेत, म्हणजे त्या वेळी कुणीतरी केंद्रात हवं. बहुतेक ठिकाणी घोडं इथेच पेंड खातं. पॅकमध्ये साधं पाणी खुणेपर्यंतच भरायचं; मीठ घातलं तर पॅक शून्याखाली जाऊनही पातळ राहतो आणि आवाजाची खूण फसवते. कुपी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मधोमध ठेवायच्या. संध्याकाळी कॅरिअर केंद्रात परत आलाच पाहिजे. नर्मदाकाठच्या पाड्यांवरून यायला रात्र होते हे खरं, पण म्हणून उपकेंद्रात किंवा कुणाच्या घरच्या फ्रिजमध्ये मुक्काम नको. लस नेण्या-आणण्यासाठी मानधनावर माणूस लावायची तरतूद आहे. ती वापरली जातेय का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

खराब लस ओळखायची कशी? कुपीवर एक गोल आणि त्यात चौकोन असतो, व्हीव्हीएम म्हणतात. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर वापरायची, सारखा किंवा गडद झाला तर टाकायची. पण ही खूण फक्त उष्णता सांगते, गोठल्याचं काही सांगत नाही. त्याची शंका असेल तर शेक टेस्ट. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम रात्रभर गोठवायची, आपोआप वितळू द्यायची, मग ती आणि संशयित कुपी एकत्र हलवून सपाट जागी शेजारी-शेजारी ठेवायच्या. संशयित कुपीतला गाळ गोठवलेलीइतक्याच वेगाने किंवा त्याहून लवकर खाली बसला तर ती बाद. पोलिओच्या इंजेक्शनला आणि बीसीजी (क्षयरोग), एमआर (गोवर-रुबेला) यांसारख्या भुकटीच्या लसींना ही चाचणी लागू नाही. बीसीजी, एमआरची भुकटी पातळ केली की चार तासांत वापरायची, उरलेली टाकायची, मग थर्मामीटर काहीही म्हणो.

तुम्ही केंद्रात गेलात तर पेटी उघडायला लावू नका. शेजारची तापमानाची वही मागा. दिवसातून दोनदा नोंद हवी, रविवारी आणि दिवाळीतही. महिनाभर सगळीकडे '4, 4, 4' लिहिलेलं दिसलं तर समजा की एका बैठकीत भरलंय. खरं तापमान असं सरळ रेषेत चालत नाही. वीज गेल्याच्या वेळा, बर्फ काढल्याच्या तारखा (थर 5 मिलिमीटरवर गेला की काढायचा) त्याच वहीत असतात. आता बहुतेक ठिकाणी ई-विनचं (लससाठ्यावर ऑनलाइन नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेचं) तापमान मोजणारं यंत्रही बसवलेलं असतं आणि ते बिघाड झाला की मोबाईलवर संदेश पाठवतं. संदेश कुणाच्या नंबरवर जातो, तो माणूस अजून इथेच आहे का की बदली होऊन गेला, हे विचारा. हे काम सहसा औषध निर्माण अधिकारी बघतात. ते रजेवर असताना कोण, याचं नाव भिंतीवर लिहिलेलं हवं.

निधी खर्चायचाच असेल तर केंद्राच्या वायरिंग-अर्थिंगवर, आणि जनरेटर पडून असेल तर त्याच्या दुरुस्ती-डिझेलवर खर्च करा. वीज खरंच सलग 8 तास मिळत नसेल तर जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे बॅटरीशिवाय थेट सौर ऊर्जेवर चालणाऱ्या लस-पेटीची मागणी करा. बाजारातून घेऊ नका, ती ठरावीक प्रमाणित मॉडेलपैकीच लागते.

कुजबुजीचं म्हणाल, तर एखाद्या दिवशी तापमान खरोखर बिघडलं असेल तर त्या कुपी ना वापरायच्या, ना फेकायच्या. पिशवीत बांधून 'वापरू नये' लिहून आयएलआरमध्येच वेगळ्या ठेवायच्या आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांनी जिल्ह्याला कळवून निर्णय घ्यायचा. आधीच कुणा बाळाला त्यातला डोस दिला गेला असेल, तर पुन्हा द्यायचा की नाही हेही तेच ठरवतील. आयांना तोवर पुढच्या सत्राची तारीख चुकवू नका एवढंच सांगा.