भाषाप्रश्न : इंग्रजीतला ‘हँड’ आणि आपला हात

प्रश्न : मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. ‘ठेकेदाराने हात वर केले’ याचं भाषांतर मुलं ‘द कॉन्ट्रॅक्टर रेझ्ड हिज हँड्स’ असं करतात. त्याऐवजी ‘वॉश्ड हिज हँड्स’ चालेल का?
– एक शिक्षिका, कराड

उत्तर : चालेल, पण पुढे एका ‘एफ’चा ‘ऑफ’ आणि जबाबदारी कशाची, ते आलंच पाहिजे : ‘ही वॉश्ड हिज हँड्स ऑफ द होल प्रोजेक्ट’. तेवढं गाळलं तर ठेकेदाराने नळाखाली हात धुतले, इतकाच अर्थ उरतो.

हा वाक्प्रचार बायबलमधून आला. मत्तयाच्या शुभवर्तमानात, सत्ताविसाव्या अध्यायात, रोमन सुभेदार पिलात पाणी मागवतो, जमावादेखत हात धुतो आणि या माणसाच्या, म्हणजे येशूच्या, रक्ताबद्दल मी निर्दोष आहे असं सांगतो. त्यामुळे इंग्रजीत हात धुणं म्हणजे जबाबदारी झटकणं. मराठीत त्यासाठी आपण हात वर करतो किंवा झटकतो. हात धुतो ते भलत्याच कामांसाठी. ‘वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले’ म्हणजे आयत्या संधीचा फायदा उठवला. इथे इंग्रजीत ‘कॅश्ड इन ऑन इट’ बसेल. ‘हात धुऊन पाठीस लागला’ म्हणजे पिच्छा पुरवला. त्यासाठी ‘हाउंड’ हे क्रियापद आहे. या दोन्हींत ‘वॉश’ घातलं की वाक्य उलट्या दिशेला जातं.

‘रेझ्ड हिज हँड्स’ वाचून इंग्रज माणूस शरणागती समजेल. ब्रिटिश बोलीत तर ‘होल्ड युअर हँड्स अप’ म्हणजे ‘चूक माझीच’ अशी कबुली देणं. मुलांना म्हणायचं होतं ठेकेदार निसटला, आणि वाक्य म्हणतं त्याने चूक पदरात घेतली! ‘हात टेकले’ची गोष्ट वेगळी. प्रयत्न करून थकल्यावरची ती हतबलता आहे. तिथे ‘थ्र्यू अप हिज हँड्स इन डिस्पेअर’ नेमकं बसतं. ‘कानांवर हात ठेवले’साठी ‘डिनाइड ऑल नॉलेज ऑफ इट’ लिहावं. त्यात हातही नाही आणि कानही नाही.

वर्गात असं करून पाहा. वाक्प्रचार फळ्यावर लिहिण्याआधी एका मुलाला ती हाताची क्रिया करायला सांगा आणि बाकीच्यांना एकच प्रश्न विचारा : हे केल्यावर जबाबदारी कोणाकडे राहिली? उत्तर मराठीत मिळालं की मगच इंग्रजी वाक्य द्या. शब्दाला शब्द शोधण्याची सवय यामुळे सुटते, कारण मुलं ‘हात’ सोडून प्रसंगाकडे बघू लागतात.

प्रश्न : मी एका कंपनीत हिशेब आणि पत्रव्यवहार बघतो. ‘इन हँड’, ‘ऑन हँड’, ‘अ‍ॅट हँड’, ‘टु हँड’ यांत माझा कायम गोंधळ होतो.
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : गोंधळ साहजिक आहे, कारण मराठीत या चौघांचं काम बरंचसं ‘हातात’ आणि ‘हाताशी’ या दोनच शब्दांवर भागतं.

‘इन हँड’मध्ये ताबा मुख्य. ‘कॅश इन हँड’ म्हणजे गल्ल्यातली, बँकेत न भरलेली रोकड. ‘द सिच्युएशन इज वेल इन हँड’ म्हणजे परिस्थिती आटोक्यात आहे. ‘ऑन हँड’मध्ये मुख्य ती उपलब्धता : गोदामातला माल ‘स्टॉक ऑन हँड’, आणि गरज पडली तर जवळच असणारा डॉक्टरही ‘ऑन हँड’. ‘अ‍ॅट हँड’ अंतर सांगतो, जागेचं किंवा काळाचं : ‘द एक्झाम्स आर अ‍ॅट हँड’, परीक्षा तोंडावर आल्या. ‘टु हँड’ म्हणजे हात लांबवला की मिळेल असं. जुन्या व्यापारी पत्रांत ‘युअर लेटर इज टु हँड’ असं ‘पत्र पावले’ या अर्थी लिहीत. अजूनही काही कार्यालयांत तो मसुदा चालतो, पण आज तो फार जुनाट वाटतो. सरळ ‘वी हॅव रिसीव्ह्ड युअर लेटर’ लिहा.

या चारही ठिकाणी ‘हँड’ एकवचनी आहे, त्याच्या आधी ‘द’ नाही आणि ‘माय’ही नाही. ‘कॅश इन द हँड’ लिहिलं की नोटा खरोखर मुठीत आहेत असं वाटतं. ‘माय’, ‘अवर’ जोडलं की बहुतेकदा अनेकवचन येतं आणि अर्थ सरकतो. ‘वी हॅव अ प्रॉब्लेम ऑन अवर हँड्स’ म्हणजे हे लचांड आता आपल्या गळ्यात आहे. मालाच्या यादीत ‘स्टॉक ऑन अवर हँड्स’ लिहिलंत, तर खपत नसलेला माल अंगावर पडल्याची तक्रार केल्यासारखं होईल. वेळेचंही तसंच. ‘वी हॅव टू डेज इन हँड’ म्हणजे मुदतीला दोन दिवस बाकी आहेत. ‘आय हॅव टाइम ऑन माय हँड्स’ म्हणजे मला काही कामच नाही. साहेबांना ईमेल करताना यांची अदलाबदल झाली तर महागात पडेल.

‘आउट ऑफ हँड’लाही जपा. आधी ‘गेट’ असेल तर ते आपलं ‘हाताबाहेर जाणं’. आधी ‘रिजेक्ट’ किंवा ‘डिसमिस’ असेल तर अर्थ ‘विचारही न करता, तडकाफडकी’. ‘द प्रपोजल वॉज रिजेक्टेड आउट ऑफ हँड’ यात हाताबाहेर काहीही गेलेलं नाही.

प्रश्न : दिवाणी न्यायालयाच्या समन्सवर शेवटी ‘गिव्हन अंडर माय हँड अँड द सील ऑफ द कोर्ट’ असं असतं. म्हणजे ‘माझ्या हाताखाली’?
– एक वाचक, लातूर

उत्तर : नाही, ‘माझ्या सहीनिशी व न्यायालयाच्या शिक्क्यानिशी’. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या परिशिष्टातल्या नमुन्यांत ही शब्दरचना आहे. जुन्या इंग्रजीत ‘हँड’ म्हणजे हाताचं लेखन, आणि त्यावरून सही. वचनचिठ्ठीला ‘नोट ऑफ हँड’ म्हणतात ते याच अर्थाने. आपल्याला हे परकं वाटायला नको. ‘हस्ताक्षर’मध्ये हात आहेच, आणि फारसीतून आलेल्या ‘दस्तखत’मधला ‘दस्त’ म्हणजेही हात.

‘माझ्या हाताखाली दहा माणसं आहेत’ याला मात्र ‘अंडर माय हँड’ करू नका. ‘टेन पीपल वर्क अंडर मी’ पुरेसं आहे.

प्रश्न : ‘वन हँड्स डाउन’ म्हणजे जिंकले की हरले? हात खाली म्हणजे हार ना?
– एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : सहज जिंकले. हे घोड्यांच्या शर्यतीतून, एकोणिसाव्या शतकात आलं. इतरांना खूप मागे टाकलेला जॉकी शेवटी लगाम सैल सोडून हात खाली घेतो, घोड्याला आणखी दामटावं लागत नाही. चुरशीच्या, शेवटच्या चेंडूवर सुटलेल्या सामन्याला हे लावू नये.

प्रश्न : ‘रेड-हँडेड’ हे लाच घेताना गुलाबी होणाऱ्या हातांवरून आलं, असं ऐकलं. खरं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : शब्द त्याहून फार जुना आहे. तो रंग रक्ताचा. स्कॉटलंडच्या पंधराव्या शतकातल्या कायद्यांत, खुनाचं रक्त हातावर असताना सापडलेल्यासाठी ‘रेड हँड’ अशी संज्ञा होती, आणि वॉल्टर स्कॉटच्या १८१९ मधल्या ‘आयव्हॅनहो’मध्ये ‘रेड-हँडेड’ हे रूप येतं.

लाचलुचपतीच्या सापळ्यातला गुलाबी रंग रसायनाचा. नोटांना फिनॉल्फ्थेलीनची पांढरी पूड लावतात. नोटा हाताळणाऱ्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या, म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या, पाण्यात बुडवली की ते अल्कधर्मी पाणी गुलाबी होतं आणि पुरावा म्हणून बाटलीत सीलबंद केलं जातं. पूड कोरडी असताना रंग दिसत नाही, म्हणून घेणाऱ्याला पत्ता लागत नाही. ‘रंगेहाथ पकडलं’ हे शब्द इथे अक्षरशः लागू पडतात, हा योगायोग आहे. एक पथ्य : ‘रेड-हँडेड’ गुन्हा चालू असतानाच पकडलेल्यासाठी वापरावा. चार दिवसांनी घरून अटक झालेल्याला तो लावू नये, बातमीत तर मुळीच नाही.

प्रश्न : ‘जरा हात द्या’ला ‘गिव्ह मी युअर हँड’ म्हटलं तर समोरचा हसतो. का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : ‘युअर हँड’ म्हणजे खरोखरचा हात, धरायला. मदत हवी असेल तर ‘गिव्ह मी अ हँड’, आणि कपाट उचलायचं असेल तर ‘विथ धिस कबर्ड’ जोडा. ‘गिव्ह हिम अ बिग हँड’ म्हटलं की मात्र टाळ्या वाजवायच्या.