तबकडीवर साल नाही, मग कळणार कसं?

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत ग्रामोफोन कंपनीची जुनी रेकॉर्ड सापडली, गाणं एकाच बाजूला, लेबलवर पंखवाला देवदूत, साल कुठेच नाही. कधीची असेल?

उत्तर : साल छापायचेच नाहीत हो तेव्हा! एका बाजूची न् देवदूतवाली म्हणजे बहुतेक १९०२ ते १९१० मधली. मागे हॅनोव्हर (जर्मनीतलं शहर) लिहिलंय का बघा, कारण १९०८ला कलकत्त्यात कारखाना सुरू व्हायच्या आधी इथलं रेकॉर्डिंग बोटीने जर्मनीला जायचं आणि तिथून छापून परत यायचं. त्यामुळे लेबलाजवळ कोरलेला बारीक नंबर जुळवून रेकॉर्डिंगची तारीख मिळाली तरी बाजारात यायला पुढे काही महिने धराच. नेमका महिना हवा तर कंपनीचे जुने कॅटलॉग शोधा. आणि गाण्याच्या शेवटी गायिका स्वतःचं नाव सांगते का ऐका, पण स्टीलची सुई सारखी फिरवू नका, खरवडते.